बिनधान्याचं मटण: रस्सा पातळ, गोळे फुटलेले? या चुका टाळा

आपल्याकडे मटणाचा रस्सा नुसत्या वाटणावर दाट होतोच असं नाही. बऱ्याच घरांत त्यात चमचाभर बाजरीचं पीठ किंवा येसर (भाजक्या धान्यांचं मसालेदार पीठ) पडतं. खिम्याच्या गोळ्यांत पावाचा चुरा असतो, तळणीच्या चिकनला तांदळाचं पीठ लावलेलं असतं. धान्य बंद केलं की हे सगळं काढून टाकलं जातं, पण ते जे काम करत होतं ते दुसऱ्या कशाला दिलं जात नाही. बिघडतं ते इथे.

भगर चालते, हा गैरसमज

उपवासाला चालतं ते सगळं बिनधान्याचं नसतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पिकणारी वरई, म्हणजेच भगर, आणि नागली ही दोन्ही धान्यंच आहेत. ज्वारी-बाजरीत ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, तरी तीही धान्यंच. राजगिरा आणि शिंगाडा मात्र चालतात. मधुमेह असेल तर एक लक्षात ठेवा: या दोन्हींतही स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे प्रमाण सांभाळावंच लागतं.

लपलेलं धान्यही शोधा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं, तेव्हा डबीवरचे घटक वाचा. येसरात भाजलेली धान्यं असतात. गिरणीत आधी गहू दळला असेल तर तुमच्या राजगिऱ्यात तो येणारच. घरात कुणाला सिलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर गिरणीवर जाऊच नका, घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळा.

रस्सा फुटतो, वर तेल आणि खाली पाणी

पिठातला स्टार्च पाणी धरून ठेवतो. तो गेला की सगळा भार वाटणावर येतो आणि कच्चं किंवा भरड वाटण तो पेलत नाही. अर्धा किलो मटणाला दोन मोठे कांदे, 50 ग्रॅम सुकं खोबरं, एक टेबलस्पून खसखस आणि एक टेबलस्पून तीळ घ्या. पीठ नसताना कांदाच रस्सा बांधतो, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. साठवणीतल्या उन्हाळ कांद्यापेक्षा नव्या लाल कांद्यात पाणी जास्त असतं. उन्हाळ कांदा बारा मिनिटांत तांबूस होत असेल तर लाल कांद्याला पंधरा-अठरा लागतात. कडा तांबूस आणि मध्ये पांढरा असताना वाटलात तर तेच पाणी पुढे रश्शात सुटतं.

खोबरं तपकिरी होईपर्यंतच भाजा, काळं पडलं की कडवट लागतं. खसखस वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा. कोरडी वाटली तर दाताखाली कचकच लागते आणि रश्शाला दाटपणाही येत नाही. वाटताना साधं पाणी घालू नका, मटण शिजवलेलं अळणी पाणी घाला.

वाटण तेलात परतून झालं का, हे बघायला थेंबभर ताटलीत टाका. कडेनं पाणी पसरलं तर अजून परता, तेल सुटलं तर पुढे जा. पुढचं पाणी उकळतंच घालायचं. एवढं करूनही पातळ वाटलं तर एक टेबलस्पून शिंगाड्याचं पीठ पाव वाटी गार पाण्यात कालवून शेवटच्या पाच मिनिटांत सोडा. जास्त घालू नका, रस्सा निवल्यावर आणखी घट्ट होतो.

खिम्याचे गोळे सुटतात

इथे पावापेक्षा मळणं महत्त्वाचं. अर्धा किलो खिम्यात एक चहाचा चमचा मीठ घालून चार-पाच मिनिटं मळा. मिठानं मांसातली प्रथिनं मोकळी होतात आणि खिमा हाताला चिकटायला लागतो. तेवढा चिकटला की थांबा. कांदा किसून घट्ट पिळून घ्या, एक अंडं आणि दोन टेबलस्पून राजगिऱ्याचं पीठ घाला. गोळे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि रस्सा मंद असताना सोडा. खळखळ उकळी नको, आणि पहिली आठ मिनिटं पळी लावू नका, भांडंच हलकं फिरवा. खिमा अगदी बिनचरबीचा असेल तर गोळे कोरडे होतात. थोडी चरबी मागून घ्या.

बिर्याणीत फ्लॉवर लगदा होतो

तांदळाऐवजी घातलेल्या फ्लॉवरलाही तांदळासारखा वीस-पंचवीस मिनिटांचा दम देतात, ती चूक. किसलेला फ्लॉवर फडक्यात पिळून रुंद कढईत मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. मीठ शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटतं. तांदूळ मसाल्यातलं पाणी पितो, फ्लॉवर पीत नाही. म्हणून मटण आधी पूर्ण शिजवून मसाला अंगाशी आटवा. मग थर लावून फक्त पाच मिनिटं दम.

राजगिऱ्याचं आवरण जळतं, चिकन कच्चं राहतं

राजगिरा पटकन काळपटतो. चिकन आधी वाफवून घ्या, मग पीठ लावून मध्यम आचेवर फक्त रंग येईपर्यंत तळा.

भाकरी थापताना फाटते

एक वाटी राजगिऱ्याच्या पिठाला अर्धा उकडलेला बटाटा किसून घाला आणि कोमट पाण्यानं मळा. गोळा ठेवला की सैल होतो, तेव्हा एकेका भाकरीपुरतंच पीठ मळा. प्लॅस्टिकवर थापून उलटी तव्यावर टाका आणि कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नका.