वाटी बदलल्यावरचे पहिले सहा आठवडे: या चुका टाळा

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या घरी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिल्यांदा जाते, तेव्हा पेशंटच्या चेहऱ्याआधी माझी नजर उशीकडे जाते. बहुतेक घरांत ती असतेच. कधी मऊ उशी, कधी चादरीची घडी, कधी दिवाणावरचा लोड, आणि नेमका नव्या गुडघ्याखाली. मुलीने नाहीतर सुनेने मायेनेच ठेवलेला असतो. गुडघा जरा वाकलेला राहिला की ठणका कमी होतो, हे खरंच आहे. सांध्यात पाणी साठलेलं असतं आणि किंचित वाकलेल्या गुडघ्यात त्याला जागा जास्त मिळते, म्हणून आराम वाटतो. पण दिवसरात्र पाय तसाच ठेवला की गुडघ्याच्या मागची बाजू आखडते, आत नवी जखम भरून येते तीही त्याच आकारात, आणि मग पाय सरळच होत नाही.

माझ्या मते सगळ्या चुकांमध्ये महागात पडणारी चूक ही. (आपण ‘वाटी बदलली’ म्हणतो खरं, पण बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं. पुढची वाटी बऱ्याचदा आपलीच राहते.)

मागच्या वर्षी एका काकूंकडून सहाव्या आठवड्यात बोलावणं आलं. टाके छान भरलेले, एक्स-रे छान, गुडघा 100 अंशांपर्यंत वाकत होता (पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). तक्रार एकच होती: “चालले की पाय आखूड वाटतो गं, आणि मांडी भरून येते.” मी त्यांना उताणं झोपवलं, पाय सैल सोडायला सांगितलं आणि गुडघ्याखाली हात घातला. माझी अख्खी मूठ आरपार गेली. मोजलं तर पाय सरळ व्हायला 15 अंश कमी पडत होते.

गुडघा पूर्ण सरळ असला की शरीराचा भार हाडांवरून खाली उतरतो आणि मांडीला विसावा मिळतो. तो वाकलेलाच असला तर उभं राहिल्या क्षणापासून मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरावा लागतो. काकू ओट्याशी पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या की पाच मिनिटांत मांडी भरून यायची, ती यामुळे. त्यात ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून खाली आलेली असते.

मग उशीचं काय करायचं? ती टाचेखाली सरकवा. गुडघा अधांतरी राहिला पाहिजे. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. त्याच वेळी गुडघ्याने खाली गादी दाबल्यासारखं करायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. सूज उतरवायला पाय उंच ठेवायचा असेल तर पोटरीपासून टाचेपर्यंत आधार द्या, फक्त गुडघा तेवढा उचलून धरू नका. रात्री पाय सपाट.

नातेवाइकांचं लक्ष मात्र सगळं वाकण्यावर असतं. “शेजारच्या आजींचा 120 वाकतो, आमच्या आईचा 85 च!” असे फोन मला नेहमी येतात. सपाट रस्त्यावर चालायला साधारण 65 ते 70 अंश पुरतात, जिना चढायला 90 च्या आसपास, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडे जास्त. हे अंश बहुतेकांना हळूहळू मिळतात. तुलना करून कुणाचाच गुडघा लवकर वाकलेला मी पाहिलेला नाही. पण सहा आठवडे होत आले तरी 90 गाठले नसतील तर सर्जनना कळवाच. गुडघा फार आखडला असेल तर भूल देऊन तो वाकवता येतो, पण त्याचा उपयोग पहिल्या तीनेक महिन्यांतच चांगला होतो. नंतर आतलं आखडलेलं घट्ट होत जातं.

“आज मशीन नाही लावणार का?”

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला वाईट वाटत नाही, कारण कित्येक ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे शेक, करंट आणि वीस मिनिटांनी ‘उद्या या’ एवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. मशीनने ठणका थोडा वेळ कमी होतो. मांडीच्या स्नायूला जाग आणणारा एक करंट सुरुवातीच्या दिवसांत खरंच उपयोगी पडतो, पण तो लागलेला असताना पेशंटने स्वतः पाय आवळायचा असतो. पडून राहून घेतलेल्या उपचाराने स्नायू भरत नाही. पाय आपोआप वाकवणारं यंत्र लोक भाड्याने आणतात, त्याचंही तेच. अभ्यासांमध्ये त्याने वाकण्यात दोनेक अंशांचाच फरक दिसला आहे. तेवढे पैसे व्यायाम नीट करून घेणाऱ्या माणसावर खर्च करा.

2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोणता सांधा, कुठल्या कंपनीचा, कितीला, हे लोक दहा ठिकाणी विचारून ठरवतात. घरी गेल्यावर व्यायाम कोण करून घेणार, हे ऑपरेशनच्या आधी विचारणारं घर मला क्वचित भेटतं. येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची पदवी आणि महाराष्ट्र राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. साडेचार वर्षं शिकून आलेल्याला त्याचा राग येत नाही.

दुखण्याबद्दल दोन उलट चुका

एका घरात ‘दुखतंय, आज राहू दे’ म्हणत आठवडा जातो. दुसऱ्या घरात तगडा पुतण्या पाय धरून जोर लावतो, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की रडवल्याशिवाय गुडघा सुटत नाही. दोन्हींनी गुडघा आखडतो. जबरदस्ती केली की सूज वाढते, आणि सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा स्नायू जणू बंदच पडतो.

मी एक साधी खूण सांगते. व्यायाम करताना ताण आणि दुखणं येणारच, पण ते तासा-दोन तासांत उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालपेक्षा फुगलेला असेल आणि कालपेक्षा कमी वाकत असेल, तर व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली की फार फरक पडतो. ती किती वाजता घ्यायची हे त्यांना विचारून घ्या. नंतर कापडात गुंडाळून बर्फ, 15 ते 20 मिनिटं. ताज्या जखमेवर गरम शेक नको, तेलाची मालिशही नको. गुडघा काही महिने हाताला कोमट लागतो, तेवढ्यावरून घाबरू नका.

टाके निघाले की बरेच जण ‘सुटलो’ म्हणून व्यायाम सोडतात. खरं काम तिथून सुरू होतं, कारण ताकद यायला महिने लागतात.

काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. एवढ्या दोन गोष्टी उलट केल्याने लोक तोल जाऊन पडतात.

पोटरी अचानक दुखून सुजली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर एक क्षणही थांबू नका, ती रक्ताची गुठळी असू शकते. जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरणं, थंडी वाजून ताप येणं, हेही लगेच सर्जनना दाखवा. फिजिओ येईपर्यंत वाट पाहायची नाही.

काकूंकडे लोड परत दिवाणावर गेला. संध्याकाळची मालिका लागली की त्यांची सून टाचेखाली उशी ठेवते आणि जाहिराती संपेपर्यंत गुडघा दाबून घेते. दोन महिन्यांनी मी पुन्हा गुडघ्याखाली हात घातला, तर मूठ अडली. चार बोटं सपाट धरून, जेमतेम, गेली. काकू मान उचलून बघत होत्या. “अजून जातात ना बोटं?” म्हणाल्या, आणि मी हात काढायच्या आतच गादी दाबायला लागल्या.