ओपनटीटीडीत गाड्या तुंबल्या की आधी सिग्नल बघा

ओपनटीटीडी हा वाहतूक कंपनी चालवायचा कॉम्प्युटर गेम, त्यात रेल्वेगाडी आपण चालवत नाही, कॉम्प्युटर चालवतो, आपल्या हातात फक्त रूळ, सिग्नल आणि ऑर्डर, म्हणजे गाडीने कुठे कुठे जायचं त्याची यादी. त्यामुळे जॅम झाला की गाड्या बिनडोक आहेत असं वाटतं, मला पण सुरुवातीला तसंच वाटायचं, पण गाडी बिचारी आपण सांगितलं तिथेच थांबलेली असते.

नवीन असाल तर सरळ पाथ सिग्नल वापरा. ब्लॉक सिग्नलमध्ये दोन सिग्नलांच्या मधे एक गाडी शिरली की तो सगळा तुकडा बंद, म्हणजे स्टेशनच्या तोंडाशी एक गाडी रांगतेय आणि आत तीन प्लॅटफॉर्म रिकामे, तरी मागची ताटकळत उभी. पाथ सिग्नलवर गाडी फक्त स्वतःला लागेल तेवढाच रस्ता बुक करते, त्यामुळे दुसरी शेजारून निघून जाते. सेटिंगमध्ये बुक झालेले रूळ दाखवायचा ऑप्शन आहे तो चालू करा, ते रूळ गडद दिसायला लागतात आणि कोण कोणाला अडवतंय ते लगेच कळतं.

आता मेन गोष्ट. पाथ सिग्नल लावला म्हणजे गाडीला सांगितलं की इथे उभी राहिलीस तरी चालेल. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या, सांध्याला, म्हणजे रूळ जिथे फुटतात किंवा मिळतात त्या जागेला, चिकटून सिग्नल लावला ना, तर गाडी तिथपर्यंत येणार, तो लाल असला की थांबणार आणि तिचं शेपूट सांध्यावरच. मग आतली बाहेर येईना, बाहेरची आत जाईना, आणि मागे मेन लाईनवर ११ गाड्यांची रांग. म्हणून सांध्याच्या आधी सिग्नल, आणि सांध्यानंतरचा पहिला सिग्नल पूर्ण गाडी मावेल एवढ्या अंतरावर, गाडी नकाशावरच्या ७ चौकोनांची तर ७ चौकोन सोडून. गाडी जिथून उलटी फिरते अशा साध्या टर्मिनसला प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिग्नल लागतच नाही, आत यायचा एक, बाहेर जायचा एक, बास.

फुल लोडची ऑर्डर, म्हणजे पूर्ण भरल्याशिवाय निघू नको, एकच प्लॅटफॉर्म असलेल्या स्टेशनला देऊ नका, माल येईपर्यंत मागची सगळी फौज अडकते. गाडी क्लोन करताना, म्हणजे तिच्यासारखीच दुसरी काढताना, कंट्रोल दाबून करा, म्हणजे ऑर्डर शेअर होते, एकीची बदलली की सगळ्यांची बदलते, नाहीतर ३० खिडक्या उघडत बसा. ब्रेकडाऊन चालू असतील तर डेपो पण ऑर्डरमध्येच टाका, गरज असेल तरच सर्व्हिस असा पर्याय असतो.

गाडी हरवल्याचा मेसेज आला तर नव्वद टक्के वेळा एकेरी सिग्नल उलटा लागलेला असतो, नाहीतर इलेक्ट्रिक गाडीच्या वाटेत कुठेतरी साध्या रुळाचा एक तुकडा राहिलेला असतो, बाकी काही नाही.

आणि हो, लाल सिग्नल तोडायचं बटण गाडीच्या खिडकीत आहे. मी एकदा वैतागून दाबलं, समोरून कोळशाची गाडी येतच होती, धडाम, दोन्ही खल्लास. दाबायच्या आधी गेम पॉझ करा आणि पुढचा रूळ नीट बघून घ्या.