डोकं घासलेला, जाम झालेला स्क्रू आटे न बिघडवता कसा काढायचा

ड्रायव्हर पहिल्यांदा घसरला ना, तिथेच थांबा. परत जोर लावला की खाच गोल होत जाते आणि सोपे उपाय हातातून जातात. स्क्रू नवीन मिळतो हो, पण तो ज्यात बसलाय त्या भोकातले आटे गेले की काम वाढतं, त्यामुळे डोकं गेलं तरी चालेल, आटे जपायचे.

आधी टाचणीने खाचेतला रंग, माती काढा आणि बिट, म्हणजे ड्रायव्हरचं टोक, खाचेच्या मापाचं आहे का बघा. पीएच म्हणजे फिलिप्स, अधिकाच्या आकाराची खाच, आणि पुढचा आकडा तिचं माप; पीएच २ च्या खाचेत त्याहून लहान पीएच १ घातला तर तो हलतो आणि कडा खातो.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून स्क्रू आत आवळला जातो. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा, खरंच ठेवा, पाच मिनिटांत काही होत नाही. मग बिट खाचेत धरून हातोडीचे आठ-दहा हलके ठोके द्या. आता आधी किंचित आवळा, मग सोडवा. पाव फेरा फिरून परत जड लागला तर मागे घ्या, थोडं तेल, परत पुढे, असं मागेपुढे करतच आणायचा, कारण गंजाचा चुरा घेऊन सरळ ओढत आणला की आटे खरवडतात, ॲल्युमिनियममध्ये तर हमखास.

तरी हलत नसेल तर उष्णता. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं म्हणून तिथे स्क्रूभोवतीचा भाग गरम करायचा. लोखंडात लोखंड असेल तर डोक्यावर सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, थंड होऊ द्या, मग प्रयत्न करा. आट्यांना थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद, लावलेला असेल तर मात्र गरम असतानाच फिरवा. स्प्रे आधी पूर्ण पुसा, तो पेट घेतो, आणि बॅटरीजवळ हे अजिबात नको.

खाचच उरली नाही? डोकं वर असेल तर ग्रिप प्लायर (घट्ट पकडून लॉक होणारी पक्कड), नाहीतर हॅक्सॉने सरळ खाच पाडून चपटा ड्रायव्हर.

हेही फसलं की डोकं ड्रिल करा. स्क्रू एम५, म्हणजे ५ मिमी जाडीचा, असेल तर मधोमध सेंटर पंचने (टोकदार पंच) खूण करून ५ मिमीचं ड्रिल बिट, फक्त डोकं सुटेपर्यंत. डोकं गेलं की वरचा दाब जातो, वरचा पार्ट निघतो आणि उरलेला दांडा बऱ्याचदा पक्कडीने सहज फिरतो, कारण अर्धं घर्षण डोक्याखालीच असतं. पकडायला दांडा नसेल तर उलट्या फिरणीचं, म्हणजे स्क्रू सोडवायच्या दिशेने फिरून कापणारं, ड्रिल बिट वापरा, भोक पाडता पाडताच स्क्रू बाहेर येतो कधीकधी. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रूत भोक पाडून आत रुतवून उलटा फिरवायचा दांडा, मी शेवटी ठेवतो, तो कडक असतो आणि आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही.

निघाल्यावर भोकातले आटे साफ करायला त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा. नवीन स्क्रू आधी उलटा फिरवा, आटा टकदिशी बसला की मग सुलटा, आणि पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच.