अनोळखी फाइलची ओळख हॅशवरून कशी पटवावी

जुन्या हार्ड डिस्कवर ‘सेटअप’ नावाच्या चार फाइली सापडतात. तारखा कॉपी करताना बदललेल्या, आयकन सारखेच, आणि त्यांतली व्हीएलसीची कुठली आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरची कुठली हे सांगायला कुणी नाही. अशा वेळी बहुतेक जण डबल-क्लिक करून बघतात. तेवढं मात्र करू नका. नाव, तारीख, आयकन या तिन्ही गोष्टी कुणालाही बदलता येतात. ओळख पटवायची ती फाइलच्या आतल्या मजकुरावरून, आणि त्यासाठी ती उघडावी लागत नाही. तिचा हॅश काढावा लागतो.

फाइलमधला प्रत्येक बाइट एका ठरलेल्या गणितातून जातो आणि शेवटी ठरावीक लांबीचा एक आकडा हाती येतो, तो हॅश. शा-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. लिहिताना ६४ चिन्हं होतात, ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही रोमन अक्षरं. फाइल दोन केबीची असो की पाच जीबीची, लांबी तीच. फाइलचं नाव बदला, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, हॅश बदलत नाही. आतला एक बिट बदला, अख्खा हॅश बदलतो. आणि हॅशवरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही, त्यामुळे तो कुठे तपासायला दिला तरी फाइलमधला मजकूर बाहेर जात नाही.

हॅश कसा काढायचा

सूचना: पुढच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरांत करायच्या.

विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर सगळ्यात सोपं. फाइलवर राइट-क्लिक करा, ‘सीआरसी शा’ या उपमेनूत जा आणि शा-२५६ निवडा. विंडोज ११ मध्ये हा मेनू बऱ्याचदा ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेला असतो. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा लिहायची खिडकी) उघडा, ‘गेट-फाइलहॅश’ लिहा (मधे आडवी रेघ, ‘फाइलहॅश’ जोडून), एक जागा सोडा आणि फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांत द्या. पत्ता हाताने लिहू नका. फाइलच्या राइट-क्लिकमधलं ‘कॉपी अॅज पाथ’ वापरा, म्हणजे अवतरणचिन्हंही आपोआप येतात. वेगळं काही सांगितलं नाही तर ही आज्ञा शा-२५६च काढते.

मॅकवर टर्मिनलमध्ये ‘शासम -ए २५६’ लिहून फाइल ओढून त्या खिडकीत टाका. लिनक्सवर आज्ञा आहे ‘शा२५६सम’.

आज्ञा नीट चालते की नाही याची खात्री करायची असेल तर एक रिकामी, शून्य बाइटची फाइल तयार करून तिचा हॅश काढा. जगातल्या कुठल्याही संगणकावर शा-२५६ने उत्तर ‘ई३बी०सी४४२’ असंच सुरू होणार आणि ‘७८५२बी८५५’ असंच संपणार. हे उत्तर ओळखीचं असणं पुढेही कामाला येतं. एखाद्या भरल्या फाइलसाठी हेच दिसलं, तर तुमच्याकडे फाइल नाही, नुसतं तिचं नाव उतरलं आहे.

शा-२५६सोबत शा-१सुद्धा काढून ठेवा. ज्ञात फाइलींच्या जुन्या याद्या एमडी५ आणि शा-१ या जुन्या हॅश-पद्धतींवरच उभ्या आहेत आणि तिथे शा-२५६ने शोधलं तर असलेली फाइलही सापडत नाही.

आधी प्रकाशकाला विचारा

फाइल कशाची असावी याचा अंदाज असेल तर पहिला थांबा त्या सॉफ्टवेअरच्या मूळ संकेतस्थळाचा. व्हीएलसी, लिबरऑफिस, उबुंटू हे सगळे डाउनलोडसोबत शा-२५६ देतात. मायक्रोसॉफ्टही विंडोज ११च्या आयएसओसाठी, म्हणजे अख्खी इन्स्टॉलेशन डिस्क एकाच फाइलीत असलेल्या प्रतीसाठी, भाषेगणिक हॅश देतं.

चौसष्ट चिन्हं डोळ्यांनी ताडून बघायची नसतात. लोक पहिली चार आणि शेवटची चार बघून ‘जुळलं’ म्हणतात, ते पुरेसं नाही. तुम्ही काढलेला हॅश कॉपी करा, प्रकाशकाच्या पानावर कंट्रोल-एफ दाबा आणि शोधात चिकटवा. सापडला तर जुळला. एका साधनात अक्षरं मोठी आणि दुसऱ्यात लहान दिसली तर घाबरू नका, त्याने फरक पडत नाही.

जुळला नाही तर लगेच व्हायरसच्या निष्कर्षावर उडी नको. आधी फाइलचा आकार बघा. अर्धवट उतरलेलं डाउनलोड हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, आवृत्ती तीच आहे ना, ३२ बिट आणि ६४ बिट यांची गल्लत तर झाली नाही ना. काही ब्राउझरांचे छोटे इन्स्टॉलर तर डाउनलोडगणिक आत एक खूण बाळगतात, त्यामुळे दोन खऱ्या प्रतींचे हॅशही वेगळे निघू शकतात. तिथे राइट-क्लिक, प्रॉपर्टीज आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब जास्त उपयोगाचा.

हॅश कुठे छापला आहे हेही बघायला हवं. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळावर घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक मागचं दार (घुसखोराला गुपचूप आत येऊ देणारा कोड) असलेल्या आयएसओकडे वळवली गेली. फाइल मिरर सर्व्हरवर, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, आणि हॅश मूळ पानावर असेल तर मिररवरची लबाडी पकडली जाते. पण ज्याच्या हाती मूळ पानच गेलं, तो शेजारचा हॅशही बदलू शकतो. म्हणून उबुंटूसारखे प्रकल्प हॅशच्या यादीवर वेगळी जीपीजी सही, म्हणजे प्रकल्पाच्या गुप्त किल्लीनेच करता येणारी डिजिटल सही, करतात. ती तपासायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणार असाल तर ती द्यावीत.

अंदाजच नसेल तर यादीत शोधा

इथे खरा आधार आहे अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेचा. मेरीलँड राज्यातल्या गेथर्सबर्ग इथे तिची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी आहे आणि ती नावापुरती लायब्ररी नाही. फ्लॉपी, सीडी, खोकी असं मूळ सॉफ्टवेअर तिथे कपाटांत जपून ठेवलं जातं, म्हणजे उद्या न्यायालयात कुणी ‘हा हॅश आला कुठून’ असं विचारलं तर मूळ वस्तू दाखवता येते. त्यांतल्या प्रत्येक फाइलचे हॅश, नाव आणि उत्पादन यांची यादी दर तिमाहीला प्रसिद्ध होते आणि ती कुणालाही फुकट उतरवता येते. २०१६ पासून त्यात स्टीमसारख्या दुकानांवरचे गेमही आले.

एका फाइलसाठी ती भलीमोठी यादी उतरवण्याची गरज नाही. लक्झेंबर्गचं सायबर प्रतिसाद केंद्र ‘सर्कल’ हॅशलुकअप नावाची मोफत सेवा चालवतं, तिच्यात निस्टची यादी आहे आणि लिनक्स वितरणांच्या फाइलीही. खातं उघडावं लागत नाही. ‘हॅशलुकअप डॉट सर्कल डॉट एलयू’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘लुकअप’, मग रेघ, ‘शा१’, रेघ, आणि मग हॅश. नोंद असेल तर फाइलचं नाव, आकार, बहुतेकदा उत्पादनही दिसतं. दिसण्यात ते उत्तर ओबडधोबड आहे, पण वाचता येतं.

दुसरी जागा व्हायरसटोटल, अनेक अँटिव्हायरसांचे निकाल एकत्र दाखवणारं संकेतस्थळ. इथे एक पथ्य पाळा: ‘सर्च’मध्ये हॅश टाका, फाइल अपलोड करू नका. अपलोड केलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते. ती ऑफिसच्या कामाची किंवा घरच्या हिशोबाची निघाली तर परत घेणं तुमच्या हातात राहत नाही. हॅशने शोधल्यावर अँटिव्हायरसांचे निकाल दिसतात, पण ओळख पटवायला मला त्यापेक्षा ‘डिटेल्स’ हा टॅब मोलाचा वाटतो: ही फाइल पहिल्यांदा कधी आली, कोणकोणत्या नावांनी आली, सही कुणाची. चार वर्षं ड्रायव्हरच्या नावाने आलेली फाइल तुमच्याकडे ‘बिल’ नावाने असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

‘सापडली’ याचा अर्थ काय

इथेच बहुतेक लोक चुकतात, काही जाणकारही. मतदारयादीत नाव असणं हा चारित्र्याचा दाखला नव्हे. निस्टची यादी ‘ज्ञात’ फाइलींची आहे, ‘चांगल्या’ फाइलींची नाही. घुसखोरीची आणि माहिती लपवण्याची साधनंही तिच्यात आहेत, कारण तीसुद्धा प्रसिद्ध झालेली सॉफ्टवेअर आहेत.

प्रकाशकाच्या हॅशचंही तसंच. १५ ऑगस्ट २०१७ रोजी आलेली सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत सर्व्हरवरून मिळत होती, तिच्यावर कंपनीची खरी सही होती, आणि तिच्या ३२ बिटांच्या प्रतीत घुसखोरांनी आधीच मागचं दार बसवलेलं होतं. त्या काळात कुणी हॅश ताडला असता तर तो अगदी बरोबर जुळला असता. ‘ही फाइल तीच आहे’ एवढंच हॅश सांगतो. ती कशी आहे, हे त्याला विचारूच नये.

‘सापडली नाही’ याचा अर्थ तर आणखी कमी. विंडोजच्या प्रत्येक अपडेटला फाइली बदलतात आणि तिमाही यादी मागे राहते. लॉग, सेटिंग्ज, तुमचे फोटो, एखाद्या छोट्या दुकानासाठी कुणी बनवून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर, हे कुठल्याच यादीत नसणार. पण ‘एसव्हीसीहोस्ट’सारखं विंडोजचं नाव लावलेली फाइल टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये आहे आणि कुठल्याच यादीत नाही, तर तिला हात लावू नका आणि जाणकाराला दाखवा.

जुन्या पद्धतींबद्दलही दोन शब्द. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात हे २००४ मध्ये दिसलं. शा-१च्या बाबतीत अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये दोन पीडीएफ करून दाखवल्या. मात्र अशी जोडी एकाच माणसाला दोन्ही फाइली आपल्या हाताने घडवून करावी लागते. दुसऱ्याच्या आधीच असलेल्या फाइलच्या हॅशशी जुळणारी नवी फाइल बनवणं अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणून जुन्या यादीत शा-१ने ओळख पटवायला हरकत नाही. नवीन कामाला मात्र शा-२५६च.

फाइली हजारोंनी असतील तर

पॉवरशेलमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फाइल’, उभी रेघ, ‘गेट-फाइलहॅश’, उभी रेघ, ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ आणि नव्या यादीचं नाव द्या. ही यादी तपासायच्या डिस्कवर नको, दुसरीकडे ठेवा. एक्सेलमध्ये हॅशच्या स्तंभावर क्रम लावला की एकाच फाइलच्या सगळ्या प्रती, नावं कितीही वेगळी असोत, एकाखाली एक येतात. त्यासाठी कुठलीही बाहेरची यादी लागत नाही.

त्यापुढे ऑटोप्सी हे मोफत तपास-साधन आहे. त्याला निस्टची यादी जोडली की ज्ञात फाइली नजरेआड करता येतात. एकट्या विंडोजच्या फोल्डरमध्ये लाखभर फाइली सहज असतात, त्यामुळे ही गाळणी काय वाचवते ते वेगळं सांगायला नको. इंटरनेटशिवाय काम करायचं असेल तर सर्कलचा ब्लूम फिल्टर, म्हणजे यादीचा आटोपशीर सारांश, उतरवता येतो. त्याचं ‘नाही’ पक्कं असतं, ‘आहे’ मात्र क्वचित चुकू शकतं.

प्रकरण पोलिसांत किंवा न्यायालयात जायची शक्यता असेल तर डिस्क स्वतः जोडूच नका, कारण नुसती जोडल्यानेही तिच्यावर लिहिलं जातं. तज्ज्ञ त्यासाठी राइट-ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणारं साधन, वापरतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम ६३च्या प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिला आहे आणि त्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, शा-१, शा-२५६, एमडी५ की आणखी कुठली, हे लिहावं लागतं. घरगुती तपासणीतही तेवढी नोंद ठेवायला काय जातं: फाइलचा पत्ता, हॅश, पद्धत, तारीख, आणि कुठल्या यादीत शोधलं ते.