फ्यूम हूडला ब्लोअर घेताय? एचपीचं नंतर बघा

फ्यूम हूड म्हणजे लॅबमधलं वाफा ओढून घेणारं कपाट, आणि ब्लोअर म्हणजे त्यातली हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा. वाळूज असो, लातूर असो का नांदेड, ब्लोअर घ्यायला गेलं की समोरचा पहिला प्रश्न करतो, "किती एचपीचा देऊ सर?" आणि आपण बी सांगून मोकळे होतो, द्या १ एचपीचा. एचपी म्हणजे मोटरची ताकद, हवा किती ओढली जाणार ते त्याच्यातून कळतच नाही. ब्लोअर घ्यायचा दोन आकड्यांवर: किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा पाहिजे, आणि ती किती स्टॅटिक प्रेशरला, म्हणजे वाटेतल्या किती रोधाला (हा पाण्याच्या मिलिमीटरमधी मोजतेत), पाहिजे. हे दोन्ही एकत्रच सांगायचे, कारण नुसता सीएफएम सांगितला की कॅटलॉगमधला मोकळ्या हवेचा आकडा दाखवून कुठलाबी पंखा गळ्यात मारतेत.

सीएफएम काढणं सोपंय, टेप घ्या आणि सॅश (समोरचं सरकतं काचेचं दार) उघडल्यावरचं तोंड मोजा. ४ फुटी हूड म्हणतो तो बाहेरून ४ फूट असतो, आतली मोकळी रुंदी साधारण ३.५ फूटच भरते. सॅश पूर्ण उघडून उंची २८ इंच धरली तर तोंड झालं ८.२ चौरस फूट. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर धरायचा, मग ८२० सीएफएम. १८ इंचाला स्टॉपर लावून तेवढ्यातच काम करणार असाल तर ५२५ मधीच भागतं, पण मग तो स्टॉपर खरंच पाहिजे, "आम्ही जास्त उघडत नाही हो" याच्यावर हिशोब करायचा नाही. आणि जास्त ओढलं की जास्त सेफ असं बी नसतंय, वेग १५० च्या वर गेला की तोंडाशी भोवरे तयार होतेत आणि वाफ उलटी बाहेर यायला लागते.

आता प्रेशर, आणि खरी गोची इथंच होते. ८२० सीएफएम १० इंची गोल डक्टमधून (हवा नेणाऱ्या पाइपातून) नेलं तर आतला वेग पडतो १५०० फूट, ठीक आहे. ८ इंचीला २३५० होतो, आवाज यायला लागतो. आणि बाजारात सहज मिळतो म्हणून ६ इंची पाइप टाकला तर ४००० च्या वर, मग ब्लोअर कितीबी चांगला घ्या, हूडच्या तोंडाशी हवा येणारच नाही. वरच्या १० इंची उदाहरणात हूडचा स्वतःचा रोध १० मिमी पाण्याचा धरा, ४० फूट सरळ डक्टचा ३-४, तीन एल्बोचे (वळणांचे) ५ आणि वर चिमणीचं तोंड निमुळतं केलं त्याचे १४, झाले ३३ च्या आसपास. थोडी मोकळीक ठेवून ४० मिमी सांगायचं. स्क्रबर (वाफ धुऊन काढणारं यंत्र) लावणार असाल तर त्याचा रोध वेगळा, तो स्क्रबरवाल्याकडून लेखी घ्या, कधी कधी बाकी सगळ्याच्या दुप्पट निघतो. घडीचा फ्लेक्झिबल पाइप गच्चीपर्यंत नेऊ नका, नुसता रोधच रोध.

तर कोटेशनला लिहायचं: "८२० सीएफएम, ४० मिमी स्टॅटिक प्रेशरला, सोबत पंख्याचा कर्व्ह द्यावा." एवढ्या कामाला हिशोबानं अर्धा एचपी पण पूर्ण लागत नाही, १ एचपी घेतला की निवांत. एचपी असा शेवटी निघतो. कर्व्ह म्हणजे किती प्रेशरला किती हवा मिळते त्याचा आलेख, तो देत नसेल तर दुसरीकडं जा राव. इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) मागं वळलेल्या पात्यांचा मागा, रोध कमी-जास्त झाला तरी मोटर ओव्हरलोड होत नाही.

मटेरियल तुमच्या कामावर आहे. माती परीक्षणात, केल्डालच्या डायजेशनमधी (नायट्रोजन मोजायला नमुना ॲसिडात उकळतेत तेव्हा) सल्फ्युरिकची वाफ निघते, तिथं लोखंडी पंखा कितीबी रंगवला तरी सडतोच. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) नाहीतर एफआरपी (काचतंतू घातलेलं प्लास्टिक) घ्या. हायड्रोफ्लोरिक वापरत असाल तर पीपीच, कारण ते ॲसिड एफआरपीतली काच खातं. पीपी मात्र उन्हानं खराब होतं आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको, वर पत्र्याची सावली करा, बाजू मोकळ्या ठेवा. सॉल्व्हंट असेल तर मोटर फ्लेमप्रूफ, हवेच्या प्रवाहाच्या बाहेर, आणि इंपेलर ठिणगी न पाडणारा. परक्लोरिक ॲसिड गरम करत असाल तर हा लेख बाजूला ठेवा, त्याला धुता येणारा हूड आणि डक्ट वेगळाच लागतो.

ब्लोअर गच्चीवरच बसवा. मग इमारतीतल्या डक्टमधी ओढ राहते, कुठं फट पडलीच तर हवा आत जाते, वाफ बाहेर येत नाही. चिमणी गच्चीच्या वर निदान १० फूट, तोंड ७ इंची करून सरळ आभाळाकडं. त्याच्यावर टोपी घालू नका, टोपीनं वाफ परत खाली दाबली जाते. पावसाचं पाणी जायला केसिंगच्या (पंख्याभोवतीच्या खोक्याच्या) तळाला ड्रेनचं भोक ठेवा.

एवढी हवा बाहेर फेकली तर तेवढी आत बी आली पाहिजे. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, दारं-खिडक्या बंद करून बसलात तर हूड उपाशी. खिडकीतला कूलर उलट कामाला येतो, पण त्याचा झोत हूडच्या तोंडावर नको. डोक्यावरचा सीलिंग फॅन तर बंदच.

थ्री फेज मोटर असेल तर वायरमननं काही हात लावल्यावर पहिलं बघा, पंखा केसिंगवरच्या बाणाच्या दिशेनंच फिरतोय ना. फेज उलटे लागले तरी असला पंखा हवा ओढतच राहतो, फक्त निम्मी-अर्धी, त्यामुळं महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) लावून घ्या, आपल्याकडच्या लाइनचा भरवसा नाही.

बसवून झाल्यावर तोंडाचे नऊ भाग पाडून ॲनिमोमीटरनं (हवेचा वेग मोजायच्या यंत्रानं) नऊ ठिकाणी रीडिंग घ्या, सरासरी ८० ते १२० फुटात पाहिजे. मग अगरबत्ती पेटवून सॅशच्या खालच्या कडेनं फिरवा. धूर एका कोपऱ्यात जरी बाहेर वळला तरी ठेकेदाराला तिथंच दाखवा, आणि शेवटचं पेमेंट त्याच्यानंतर.