शहराची हवा सुधारायचीय? आराखड्यातल्या या चुका टाळा

हवेसाठी निधी मंजूर झाला की पहिली खरेदी बहुधा यंत्रांची होते. पाण्याचे फवारे, रस्ते झाडणारी वाहनं, चौकातले हवा शुद्ध करणारे मनोरे. यंत्राचं उद्घाटन करता येतं. इमारतींमधलं अंतर, पार्किंगचे नियम, शाळेची जागा यांचं उद्घाटन कोणी करत नाही. पण पुढची कित्येक वर्षं लोकांच्या नाकात कोणती हवा जाणार, हे ठरतं त्यांच्यावरच. नियोजनाच्या टप्प्यावर वारंवार होणाऱ्या चुका आणि त्या ओळखण्याच्या खुणा पुढे आहेत.

उघड्यावरची हवा गाळता येते असं मानणं

दिल्लीत कॅनॉट प्लेस भागात २०२१ मध्ये २४ मीटर उंचीचा स्मॉग टॉवर, म्हणजे हवा गाळणारा मनोरा, सुरू झाला. त्याचा उपयोग अगदी आसपासच्या हवेपुरताच होतो, हे पुढे मोजणीतून दिसलं. यात नवल काहीच नाही. खोलीला भिंती असतात, शहराला नसतात. गाळलेली हवा निघून जाते आणि तिच्या जागी बाहेरची येते. फवाऱ्यांची गतही तशीच. जाड धूळ थोडा वेळ बसते, पाणी वाळलं की चाकांबरोबर पुन्हा उडते.

त्याऐवजी रस्त्याच्या उघड्या मातीच्या कडा पक्क्या करा किंवा हिरवळीने झाका. बांधकाम परवानगीतच आच्छादन, चाकं धुण्याची जागा आणि राडारोडा झाकून नेण्याची अट घाला. अट मोडली तर काम थांबेल, हेही परवानगीतच लिहा. नुसता दंड बांधकामाच्या खर्चात सहज जिरून जातो.

झाडं कुठेही लावली तरी हवा सुधारेल

हे बोललेलं लोकांना आवडत नाही, पण बोलायला हवं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि खाली सतत वाहनं, अशा घळीसारख्या जागेत दाट पसाऱ्याची झाडं लावली तर वरून येणारा वारा अडतो आणि धूर माणसांच्या उंचीवरच कोंडतो. पानांवर जेवढे कण बसतात, त्याहून कोंडलेला धूर जास्त भरू शकतो. काही जातींच्या झाडांमधून आयसोप्रीनसारखी वायुरूप द्रव्यं बाहेर पडतात आणि उन्हात वाहनांच्या धुराशी मिळून त्यांच्यापासून श्वासाला घातक असा ओझोन वायू तयार होतो.

म्हणून झाडं नकोत असं मुळीच नाही. सावली, गारवा, पाण्याचा निचरा, यासाठी ती हवीतच. फक्त जागा पाहून निवडा. अरुंद रस्त्यावर वाहनं आणि पदपथ यांच्यामध्ये कमी उंचीचं दाट कुंपण, रुंद आणि मोकळ्या रस्त्यावर मोठी झाडं. वृक्षारोपणाचा आकडा हवा सुधारल्याचा पुरावा म्हणून अहवालात दिसला, तर त्या अहवालाकडे संशयाने पाहा.

कोंडी फुटली की धूर कमी होईल

सगळ्यात महागडी चूक हीच. वाहनं थांबून धूर ओकतात, मग रस्ता रुंद केला की प्रश्न सुटेल, असा हिशोब मांडला जातो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग रुंदीकरणानंतर काही ठिकाणी बाजूचे जोडरस्ते धरून २६ मार्गिकांचा झाला. काम २००८ मध्ये संपलं आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता सोपा झाला की लोक लांब राहायला जातात, जास्त फेऱ्या मारतात. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने उलटा प्रयोग केला. २००३ मध्ये चेओंगेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा लोकांसाठी खुला केला. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही.

वाहनांवर नुसती बंदी घालणंही पुरत नाही. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक दिवस गाडी बंद ठेवायला लावली. हवेत ठोस सुधारणा झाल्याचं पुढच्या अभ्यासांत आढळलं नाही. बंदीच्या दिवसासाठी लोकांनी दुसरी, बरेचदा जुनी गाडी घेतली. स्टॉकहोममध्ये क्रम वेगळा होता. आधी बससेवा वाढवली, मग २००६ च्या सुरुवातीला शहरात शिरणाऱ्या वाहनांवर शुल्काची चाचणी घेतली. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. माझ्या मते यातला क्रमच महत्त्वाचा. पर्याय उभा नसताना घातलेल्या बंदीला लोक पळवाट शोधणारच.

नव्या इमारतीत अमुक इतक्या गाड्यांची जागा ठेवलीच पाहिजे, हा नियम आराखड्यात गुपचूप बसलेला असतो. मेट्रो स्थानकाशेजारीही तो लागू असेल तर एका हाताने मेट्रो देऊन दुसऱ्या हाताने गाडी घ्यायला लावण्यासारखं होतं. किमान पार्किंगची अट काढा, गर्दीच्या भागात कमाल मर्यादा घाला.

वाऱ्याच्या वाटेवर बांधकाम

जर्मनीतलं श्टुटगार्ट दरीत वसलंय, वारा मंद. तिथल्या प्रशासनात १९३८ पासून हवामानतज्ज्ञ आहे. रात्री टेकड्यांवरून गार हवा ज्या उतारांवरून शहरात उतरते, तिथल्या बांधकामावर मर्यादा आहेत. हाँगकाँगमध्ये समुद्राकाठी भिंतीसारख्या ओळीने उभ्या राहिलेल्या इमारतींनी मागच्या वस्त्यांचा वारा अडवला. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर तिथे मोठ्या प्रकल्पांसाठी वायुवीजनाचं मूल्यमापन सुरू झालं.

आराखडा हातात आला की आधी वाऱ्याच्या दिशांचा नकाशा मागा, हिवाळ्याचा वेगळा. तो नसेल तर नदीकाठ, नाले, टेकड्यांचे उतार निव्वळ मोकळी जमीन म्हणून विकले जातील.

शाळा आणि रुग्णालयं हमरस्त्याला चिकटून

वाहनांच्या धुराचं प्रमाण रस्त्यापासून दीडशे ते दोनशे मीटरांत झपाट्याने उतरतं. कॅलिफोर्नियात २००३ च्या कायद्याने महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी सरकारी शाळा बांधण्यावर निर्बंध आले. जागाच नसेल तर निदान वर्ग आणि हवा आत घेणारे झरोके मागच्या बाजूला, पार्किंग रस्त्याकडे.

इलेक्ट्रिक वाहनांबद्दल थोडक्यात: नळीतला धूर जातो, टायर आणि रस्त्याच्या झिजेचे कण राहतात. गाड्यांची संख्या तीच ठेवून इंधन बदललं तर फायदा अर्धवटच.

योजना राबवली, आकडे हलत नाहीत?

आधी मोजणी यंत्र कुठे आहे ते बघा. बागेत बसवलेलं यंत्र चौकाची हवा सांगत नाही. आणि शहराच्या सरासरीत सगळ्यात वाईट वस्ती लपते.

नायट्रोजन डायऑक्साइड (वाहनांच्या धुरातला वायू) घटला, पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) जैसे थे: वाहतुकीचं काम योग्य चाललंय. उरलेले कण बरेचदा बाहेरून आलेले किंवा गंधक, नायट्रोजनचे वायू आणि अमोनिया यांच्यापासून हवेतच तयार झालेले असतात. त्यासाठी वीजकेंद्रं, वीटभट्ट्या आणि शेतीपर्यंत जावं लागतं, म्हणजे पालिकेच्या हद्दीबाहेर. कारखाने हद्दीपलीकडे हलवून हा भाग सुटत नाही. वारा हद्द मानत नाही.

फक्त पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) घटलं: धूळ कमी झाली, ज्वलन नाही. फुप्फुसांत खोलवर जाणारे कण बहुतांशी ज्वलनातून येतात. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा २०२१ पासून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. पीएम १० चा उतरता आलेख दाखवून ती गाठता येत नाही.

रात्री उशिरा आकडा चढतो: मालट्रक, कचरा किंवा शेकोट्या जाळणं आणि जमिनीलगत साचणारी थंड हवा, हे तिन्ही तपासा. ट्रकांना दिवसा बंदी करून रात्री वस्तीतून सोडलं असेल, तर त्यांच्यासाठी बाह्यवळण आणि शहराच्या वेशीवर मालाचं केंद्र हवं.

ओझोन वाढला: वाहनांचा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. तो घटल्यावर शहराच्या मध्यभागी ओझोन काही काळ चढू शकतो. योजना मागे घेऊ नका. पेट्रोल, रंग आणि द्रावकं (रंग वगैरे विरघळवणारी द्रव्यं) यांच्या वाफांपासूनही ओझोन तयार होतो; त्यांच्यावरचे नियम योजनेच्या जोडीला आणा.