बोंबील कुरकुरीत हवा? आधी त्याचं पाणी काढा

ओल्या बोंबलात पाणी फार. ते तसंच राहिलं तर तव्यावर रवा सुटतो आणि मासा मोडतो.

1. बोंबील साफ करून पोटाकडून उभा चिरा, मधला काटा काढून पुस्तकासारखा उघडा. मीठ-हळद चोळा, स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि पाट्याखाली अर्धा तास दाबून ठेवा. फडकं ओलंचिंब होतं, मासा अगदी चपटा. खरं काम इथेच होतं.

2. आलं-लसणाचं घट्ट वाटण, तिखट आणि चमचाभर आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावा. आगळात मीठ असतं, वरून घालू नका.

3. दोन वाट्या तांदळाच्या पिठात एक वाटी बारीक रवा. तळताना लगेच घोळवा. आधी घोळवून ठेवलं की पीठ चिकट होतं.

4. मध्यम आचेवर एकेक बाजू 3-4 मिनिटं. कडा तांबूस झाल्याशिवाय उलथनं लावू नका.

झाकण मात्र अजिबात नको, वाफेने सगळं मऊ पडतं.